राखणझाडाच्या जागी

वीटस्लोव्ह, २९ मार्च १९८७

प्रिय एव्हर्ट,

फोन करू नकोस, पत्र लिही. फोनवर तू नुसतं "हो गुनवोर, हो" म्हणतोस आणि मागे तुझी बायको चमच्यांचा आवाज करत ऐकत असते. कागदावर निदान दुसरं वाक्य लिहावं लागतं.

इकडे सगळी घाण आहे. बर्फ गेलं आणि हिवाळाभर झाकलेलं होतं ते सगळं वर आलं. कुत्र्यांचं, माणसांचं, सगळ्यांचं. तोडलेल्या एल्म झाडाच्या बुंध्यावर तू जी निळी ताडपत्री बांधून गेलास तिच्यावर हिरवं पाणी साचलंय आणि त्यात एक उंदीर मरून फुगलाय. मी काठीने ढकलायला गेले तर फुटला. त्यानंतर दोन दिवस मला हेरिंग मासा खाववला नाही, आणि मी कधी हेरिंगला नाही म्हटलेलं तुला आठवतं का?

येणारा-जाणारा मला सांगतो, "वा, आता थेट समुद्र दिसतो की तुझ्या खिडकीतून!" जसा काही मी तो मागवला होता. समुद्र म्हणजे काय, राखाडी पाणी. ते मला बसथांब्यावरूनही दिसतं. खिडकीत मला आपला एल्म हवा होता. रोग झाला, तोडावा लागला, ठीक. पण अभिनंदन कसलं करता?

आता जागेचं. नाताळपासून तुझा धोशा चाललाय की बुंध्याच्या जागी गुलविवा लावू, छान पिवळी रानफुलं. मी ऐकून घेतलं कारण तू पाहुणा होतास. पण घर राखायला अंगणात राखणझाड असतं, राखणफूल नसतं. मी रोपवाटिकेतून रोवन आणलाय. माझ्या खांद्याएवढा आहे, भिंतीशी कुंडीत ठेवलाय. रोवनला एल्मचा रोग लागत नाही, वारा सोसतो, आणि आपल्या माणसांनी तो कायम दाराशी लावलाय.

तोवर फांदी आहे. ऑगस्टमध्ये तू शेंड्याची म्हणून तोडून आणलीस आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवून रोग दाखवलास ना, ती मनगटाएवढी फांदी. बाकी फांद्या नियमाप्रमाणे सालीसकट जाळल्या. ही एक ठेवली आणि दारावर टांगली. जुनं राखणझाड गेलं की नवं उभं राहीपर्यंत त्याचा एक तुकडा दारावर असायला हवा, नाहीतर घर उघडं पडतं. नियम मोडला खरा, पण एका फांदीने काय होणार? आईनेही हेच केलं असतं. सकाळी बाहेर पडताना मी हात वर करून तिला शिवते. हसायचं तर हस.

तुझी
गुनवोर


माल्मो, ८ एप्रिल

प्रिय गुन्,

तुझं पत्र वाचून इतकं हसलो की मायब्रिट धावत आली. उंदराचा भाग तिला वाचून दाखवला नाही.

फांदी दारावर लावलीस हे वाचून बरं वाटलं. खरंच. आई खूश झाली असती.

पण रोवनचं जरा शांतपणे ऐक. मेच्या शेवटी तो फुलला की अंगणात सडक्या मासळीचा वास सुटतो. मग लाल फळं. ती खायला पाखरांचे थवे येतात, आंबलेली फळं खाऊन झिंगतात आणि तुझ्या पायऱ्यांवर, धुतलेल्या चादरींवर लाल विष्ठा करतात. पानं पन्हाळीत अडकतात. शिडीवर कोण चढणार? तू? त्या गुडघ्यांनी?

उलट गुलविवा बघ. वीतभर उंच. नीटनेटकी. मे महिन्यात सगळं पिवळंधमक, मग गुपचूप खाली बसते. काही झाडायला नको, काही छाटायला नको. मधमाश्या येतात, असं मायब्रिट म्हणते. आई तिचा चहा करायची, आठवतं? आणि मुख्य म्हणजे उजेड. एल्म गेल्यापासून तुझं स्वयंपाकघर कसं मोकळं झालंय. पुन्हा एक काळोख कशाला उभा करायचा? सोबत बियांचं पाकीट पाठवतोय.

आणि ताडपत्री उचलू नकोस. बुंध्यात रोग असतो.

तुझा
एव्हर्ट


वीटस्लोव्ह, ३ मे

प्रिय एव्हर्ट,

तुझं पाकीट मिळालं. त्याच्या पाठीमागे ठळक अक्षरात लिहिलंय की बी शरदात पेरावं, हिवाळा खाल्ल्याशिवाय ते डोळा उघडत नाही. मेमध्ये पेरून मी काय त्याची पुढच्या मेपर्यंत आरती करू? तू पाकीटसुद्धा वाचलं नाहीस. आणि गुलविवा हवीच असेल तर उताराखालच्या कुरणात चल. इतकी फुललीय की गायीसुद्धा तिच्याकडे बघत नाहीत. मला आवडते ती. पण आवडणं वेगळं आणि राखणीला ठेवणं वेगळं. वीतभर फुलाला माणूस पाठ टेकतो का? मामी बाळंतपणाच्या वेळी एल्मला मिठी मारून उभी राहिली होती. तिने काय गुलविवाला मिठी मारायची होती? पोटावर झोपून?

रोवनच्या फुलाला वास येतो, हे खरं. सोमवारी सकाळी खाटकाचं दुकान उघडतात तसा. पण आठवडाभर येतो. तुझ्या आफ्टरशेव्हचा वर्षभर येतो, तरी तुला घरात घेतोच.

दुसरं. गुरुवारी दोन गृहस्थ आले होते. चकचकीत बूट, एकाच्या अंगावर उंटाच्या रंगाचा कोट. ताडपत्रीभोवती फिरत होते, म्हणून मला वाटलं एल्मच्या रोगाच्या खात्यातले असतील. कॉफी दिली. घरात स्पेटेकाका नावाचा उंच केक होता, लग्नातून आलेला, तो कापला. कोटवाल्याने साखरेच्या त्या मनोऱ्याचे तीन तुकडे खाल्ले, बोटं एकेक करून चाटली आणि तीच बोटं आईच्या पडद्याला पुसली. दुसरा विचारत होता की समुद्राच्या बाजूने भिंत फोडून मोठी काच बसेल का. झाडांच्या खात्याला काचेशी काय करायचंय? निघताना त्याने सिगरेट एल्मच्या बुंध्यावर विझवली. ताडपत्रीला भोक पडलं. म्हणाला, "एव्हर्ट म्हणालाच होता, झाड गेलं की नजारा खुलेल."

तू ओळखतोस का यांना? ओळखत असशील तर सांग, माणसाच्या दारात येऊन त्याच्या राखणझाडावर सिगरेट विझवत नाहीत. लहानपणी धनुष्यासाठी तू एक फांदी मोडलीस तर आईने तुला टोपी हातात धरून झाडासमोर उभं केलं होतं आणि "माफ कर" म्हणायला लावलं होतं. तू रडलास. आणि हे महाशय थोटूक विझवून हसत गेले.

तुझी
गुनवोर

ता. क. दारापुढे रोज सकाळी पिवळट भुकटी पडलेली असते, पिठासारखी. झाडली की दुसऱ्या दिवशी पुन्हा. शी.


माल्मो, १६ मे

प्रिय गुन्,

घाईत लिहितोय. हो, ते खात्यातलेच. एकाशी ऑफिसच्या निमित्ताने ओळख आहे. सिगरेटचं मी बोलेन.

रोवन इतक्यात लावू नकोस. जूनअखेर मिडसमरच्या सणाला मी येतोय, तेव्हा निवांत बसून सगळंच बोलू. घर आपल्या दोघांचं आहे, तर जागेचा निर्णयही दोघांनी घ्यावा, नाही का? आणि मला तुझी काळजी वाटते. हिवाळ्यात त्या पायऱ्यांवर बर्फ असतं. सिमरिसहाम्नमध्ये आता किती छान फ्लॅट झालेत, लिफ्ट आहे, दवाखाना खालीच. नुसतं सांगून ठेवतो.

शेजारच्या सिग्वार्डला बुंध्याजवळ फिरकू देऊ नकोस. त्याच्या दारात एल्म आहे, रोग पसरेल. ताडपत्री तशीच राहू दे.

भुकटीचं काय, जुनं घर, जुनी लाकडं. झाडून टाक.

तुझा
एव्हर्ट


वीटस्लोव्ह, १४ जून

एव्हर्ट,

ताडपत्री काढली.

तू "उचलू नकोस" दोन-दोनदा सांगितलं नसतंस तर कदाचित काढलीही नसती. पण वास असह्य झाला होता आणि रोवन कुंडीत मरायला टेकला होता. सिग्वार्ड कुऱ्हाड घेऊन आला. खाली बोटाएवढ्या काळ्या गोगलगायी एकमेकींवर चढून चिकट गोळा झाल्या होत्या. माझा हात त्यात गेला. तीनदा साबणाने धुतला तरी बुळबुळ जाईना. ती किळस मी सांगू शकते. पुढची सांगता येईल की नाही, माहीत नाही.

बुंध्याच्या कडेने कोंब फुटले होते. तळघरातल्या बटाट्यांना येतात तसे, पांढरट, उजेड शोधत वाकडे झालेले. खूप होते. सिग्वार्ड म्हणाला, "आजारी झाडाला भलताच जोर आहे की गं." दुकानाच्या दारावर एल्मच्या रोगाचं पत्रक लावलंय, त्यात चित्र आहे: आजारी लाकूड कापलं की सालीच्या आत तपकिरी ठिपक्यांचं कडं दिसतं. सिग्वार्डने बुंध्याच्या कडेची एक ढलपी काढली. स्वच्छ. दुसऱ्या बाजूने काढली. स्वच्छ. कोंब कापला. तोही स्वच्छ.

मग मी दारावरची फांदी उतरवली. करवत लावली. ठिपक्यांचं कडं, चित्रातल्यासारखं, अगदी नीट.

फांदी आजारी आणि बुंधा निरोगी. एकाच झाडाची?

हातच्या कांकणाला आरसा कशाला, एव्हर्ट. तू कुठूनतरी दुसऱ्या झाडाची फांदी आणलीस, पिवळ्या पानांसकट, आणि आईच्या मेणकापडावर ठेवून म्हणालास, "गुन्, वाईट बातमी आहे." तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. ते कुठून आणलं होतंस? तेही दुसऱ्याचं होतं का? तोडायची माणसं तू माल्मोहून आणलीस, खोड त्याच दिवशी ट्रकमध्ये घालून नेलंस, बुंधा झाकलास. मला वाटलं, भाऊ किती करतो. मी त्या माणसांना वाटाण्याचं सूप करून घातलं. रात्री एकटी जाऊन झाडाची माफी मागितली. कशाची? ते ठणठणीत होतं!

आता गुलविवाही कळली. वीतभर उंची. उजेड. नीटनेटकेपणा. तुला फूल नको होतं, तुला झाड नको होतं. त्या चाटूनपुसून खाणाऱ्याला खिडकीतून समुद्र हवाय आणि मी लिफ्ट लावलेल्या डब्यात जाऊन बसायचं. केसाने गळा कापलास. आणि वर लिहितोस, फांदी दारावर लावलीस हे वाचून बरं वाटलं. बरं वाटलं! तुला माहीत होतं की मी रोज सकाळी कुठल्यातरी परक्या, सडक्या लाकडाला हात लावून नमस्कार करतेय, आणि तुला बरं वाटलं. ते दोन शब्द मला गोगलगायींपेक्षा बुळबुळीत वाटतात.

फांदी हातात घेतली तर तिची साल सुटून आली. आत नक्षी कोरल्यासारखी भुयारं आणि वरून बंदुकीचे छर्रे मारावेत तशी भोकं. ती भुकटी तिथूनच पडत होती. भुयारांत काही नव्हतं, रिकामी होती. चुलीत घातली.

रोवन लावला. बरोबर खिडकीसमोर, समुद्राच्या आड. सिग्वार्डने रीतीप्रमाणे मुळाशी बियर ओतली, मी ओतली. तुझा पेला ओतला नाही. कोंब मी ठेवलेत. चार दिवसांत हिरवे झाले.

घराच्या कुठल्याही कागदावर मी सही करणार नाही. मिडसमरला येऊ नकोस.

गुनवोर


माल्मो, २२ जून

गुनवोर,

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि दोन तास बाथरूममध्ये बसून राहिलो. मायब्रिटला अजून सांगितलेलं नाही. फ्लॅटचं तिला माहीत आहे, झाडाचं नाही.

फांदी इथल्या बागेतल्या एका झाडाची होती. कामगारांनी तोडून ढीग लावला होता, त्यातली उचलली. गाडीच्या डिकीत घालून आणली. वाटेत दोनदा थांबलो, परत फिरावं असं वाटलं. फिरलो नाही. त्या कोटवाल्याला घर विकत हवं होतं, फक्त झाड आड येत होतं. तो म्हणाला, "झाड काय, कापता येतं." मीही तसंच म्हणालो. तुझ्यासमोर म्हणायची हिंमत नव्हती. तू कधी हो म्हटलं नसतंस. रोगच असा होता की ज्याच्यापुढे तू वाद घातला नसतास.

डोळ्यांतलं पाणी खरं होतं. विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस. त्या टेबलाशी बसलो आणि टोपी आठवली.

तुझ्या गुडघ्यांची काळजी खोटी नव्हती. पण आता ते लिहितानाही मला माझीच शिसारी येते.

कोटवाल्याला नाही म्हणून कळवलंय. तू रोवन ठेव, हवं ते ठेव. मी तिथे येऊन बुंध्यासमोर उभा राहीन, आईने केलं होतं तसं. मला एक संधी दे. फक्त एक मागतो, गावात बोलू नकोस. सिग्वार्डला माहीत झालंय ते झालं, पण बाकीच्यांना नको. झाड एकच होतं आणि ते आपलं होतं. नुकसान झालं ते आपल्या घरातच झालं.

एव्हर्ट


वीटस्लोव्ह, १९ जुलै

एव्हर्ट,

उत्तराला उशीर झाला, कारण मला लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

सिग्वार्डच्या एल्मचा शेंडा पिवळा पडला. त्याने तो मला मागच्या रविवारी दाखवला, बोटाने. पानं मधोमध गुंडाळलेली, जुलैमध्ये, बाकीचं झाड हिरवंगार असताना. फांदी कापली. ठिपक्यांचं कडं.

खात्याची बाई आली, खरीखुरी, रबरी बुटांतली. तिने विचारलं, गावात बाहेरून एल्मचं लाकूड आणलं होतं का कुणी, सालीसकट? मी सांगितलं. मग तिने समजावलं. सालीखाली एक किडा असतो, तांदळाच्या दाण्याहून लहान. उन्हाळ्यात आत अंडी, हिवाळाभर अळ्या भुयारं करतात, आणि मेच्या शेवटी, ऊन पडलं की भोक पाडून बाहेर उडतात, रोग अंगावर घेऊन. जवळचा निरोगी एल्म शोधतात.

भुयारं रिकामी का होती, हे मला तेव्हा कळलं.

ती भुकटी मी झाडत होते. रोज सकाळी. तू लिहिलंस झाडून टाक, आणि मी झाडत होते.

तू परकं लाकूड आणलंस आणि मी ते राखण म्हणून दारावर टांगलं, दक्षिणेच्या उन्हात, पावसापासून जपून. आपण दोघांनी मिळून पोसलं ते. सगळं जाळायचा नियम मी एका फांदीपुरता मोडला, तो माझा दोष. तो मी घरोघर जाऊन सांगितला आणि तुझाही सांगितला. गावात बोलू नकोस म्हणाला होतास. मी कॉफीला कुठेच बसले नाही, उंबरठ्यावर उभी राहून बोलले. कुणी शिवी दिली नाही. तेच वाईट होतं. सिग्वार्डची आई अठ्ठ्याण्णव वर्षांची आहे, ती फक्त म्हणाली, "माझ्या लग्नात आम्ही त्याच्याखाली नाचलो." मग तिने दार लावून घेतलं.

सिग्वार्ड दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि विचारलं, "गुनवोर, आता तूच सांग. माझ्या दारात काय लावू? रोवन, की तुझ्या भावाची गुलविवा?" तो चेष्टा करत नव्हता. तो अठ्ठ्याहत्तरचा आहे. त्याने आज लावलेल्या झाडाला पाठ टेकायला तो नसेल. गुलविवा पुढच्या मेमध्ये तरी दिसेल. मी सगळा वसंत ऋतू तुझ्याशी यावरून भांडले. तुझं पाकीट ड्रॉवरमध्ये होतं. ते दिलं. आता ते पेरायला दोन महिने आहेत, एवढंच सांगितलं. त्याने खिशात घातलं.

आपल्या बुंध्याचे कोंब गुडघ्यापर्यंत आले होते. कालपासून त्यांचे शेंडे वाकलेत आणि पिवळे पडलेत. एवढं करून आपल्या एल्मला शेवटी तोच रोग झाला, ज्याच्या नावाखाली तू त्याला मारलंस. म्हणजे आता तू खोटं बोलला नाहीस, असंही म्हणता येईल.

तू एक संधी मागितलीस. ये. शनिवारी सिग्वार्डचं झाड पाडणार आहेत, फांद्या ओढायला माणसं कमी आहेत. गाडी आणू नकोस, बसने ये. बसथांब्यापासून आपल्या दारापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एल्म आहेत, ते तुला ठाऊकच आहे. टोपी तिथेच काढ, आणि वर त्यांच्या शेंड्यांकडे बघत ये.

गुनवोर